दुरुस्ती हे कंपनीचे देणे आहे

महिन्याचा दुसरा मंगळवार कधीही ८ तारखेच्या आधी येत नाही आणि १४ तारखेच्या पुढे जात नाही. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट आपल्या प्रणालींच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या याच दिवशी प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात, त्यामुळे इथे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला त्या दुरुस्त्या बुधवारी सकाळी समोर दिसतात. त्याच सुमारास ११ तारखेला जीएसटीआर-१ हे जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी. ज्या दिवसांत हिशेबाच्या सर्व्हरला कुणी हात लावू नये अशी लेखा विभागाची विनवणी असते, नेमक्या त्याच दिवसांत त्या सर्व्हरवर अपडेट चढवून तो एकदा तरी रीस्टार्ट करायचा असतो. थांबावे तर धोका वाढतो, कारण दुरुस्ती बाहेर आली की छिद्र नेमके कुठे होते हेही जगाला कळते आणि जुन्या-नव्या फायली ताडून त्या छिद्रातून आत शिरू पाहणारे लगेच कामाला लागतात. घाई करावी तर चालू काम बंद पडण्याची भीती असते. हा निर्णय बहुतेक ठिकाणी एकच माणूस घेतो, आणि तो चुकला तर दोषही त्याच्याच माथी येतो.

मी गेली वीसेक वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम संस्थांचे सर्व्हर सांभाळतो आहे. पतसंस्था, सूतगिरण्या, रुग्णालये आणि साखर कारखाने ही माझी गिऱ्हाइके. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते मला इथे मांडायचे आहे. विकलेल्या सॉफ्टवेअरमधले छिद्र बुजवणे हे ते विकणाऱ्या कंपनीचे देणे आहे. ते देणे नव्या सोयी, नवी आवृत्ती, नवे लायसन्स आणि भाड्याच्या क्लाउडची जाहिरात यांच्या गाठोड्यात बांधून देता कामा नये. दुरुस्ती आणि विक्री एकमेकींपासून वेगळ्या केल्याशिवाय संस्था वेळेवर अपडेट करतील ही अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि ही वेगळेपणाची अट कायद्याने घातली पाहिजे.

संस्थांना अपडेटची भीती का वाटते हे समजण्यासाठी एका रात्रीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वीचा जानेवारी होता, गळीत हंगाम भरात होता. रात्री सव्वादोनला एका कारखान्याच्या वजनकाट्यावरून कारकुनाचा फोन आला. पडद्यावर अपडेटचे काम चालू असल्याचा आणि संगणक बंद न करण्याचा संदेश होता, आकडा ३० टक्क्यांवर अडकला होता. काट्याचा दर्शक वजन दाखवत होता; पण वाहनाचा क्रमांक, शेतकऱ्याचा कोड आणि गटाची नोंद सर्व्हरवर असल्यामुळे पावती निघत नव्हती. नव्याने येणाऱ्या भरलेल्या गाड्यांची वजने वहीत लिहून घेता आली. ज्या गाड्या भरवजन करून आधीच गव्हाणीकडे गेल्या होत्या त्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता. त्या मोळ्या टाकून रिकाम्या परत आल्या, तर त्यांचे पहिले वजन सर्व्हरमध्ये अडकलेले. ते मिळाल्याशिवाय उसाचे निव्वळ वजन काढता येत नाही आणि पावतीशिवाय वाहनमालक गाडी हलवत नाही. तासाभरात रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आतला रस्ता भरून गेला आणि भरलेल्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर आली.

साडेचारला सर्व्हर उठला. पण वजनाचे सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडले जाईना. त्या अपडेटने जोडणीची एक जुनी पद्धत असुरक्षित म्हणून बंद केली होती आणि वजनाचे सॉफ्टवेअर तीच पद्धत वापरत होते. ती तात्पुरती पुन्हा सुरू करून पावत्या निघायला सकाळचे नऊ वाजले. तोवर पेनाने लिहिलेल्या वजनांवरून काट्याजवळ शेतकरी जमले होते. काटामारीचा संशय हा आपल्या ऊसपट्ट्यातला जुना आणि साधार राग आहे. छापील पावतीऐवजी हाताने लिहिलेला आकडा पुढे केला की तो राग उसळतो, आणि त्या सकाळी तो उसळणे मला चुकीचे वाटले नाही. रीस्टार्टसाठी रात्री दोनची वेळ मीच लावली होती. कार्यालयात त्या वेळी कुणी नसते एवढाच विचार मी केला होता; काट्यावर रात्रीच गर्दी असते, हे मी लक्षात घेतले नव्हते. ती चूक माझी होती. जुन्या पद्धतीवर अडून बसलेले सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे विकत राहणाऱ्याची चूक मात्र माझी नव्हती, आणि अत्यावश्यक दुरुस्तीबरोबर जोडणीच्या नियमातला बदल एकाच फायलीत देणाऱ्याची चूकही माझी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कार्यकारी संचालकांनी लेखी आदेश काढला: यापुढे हंगाम चालू असताना एकही अपडेट चढवायचे नाही. मी त्यावर सही केली. पुढच्या हंगामात नोव्हेंबर ते मार्च असे जवळपास पाच महिने ते सर्व्हर जसेच्या तसे राहिले. कापलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. नुकसान डोळ्यांसमोर होते आणि त्याचा हिशेब त्याच दिवशी मांडता येतो. सर्व्हरमधले उघडे छिद्र डोळ्यांना दिसत नाही. दिसणाऱ्या नुकसानीच्या भीतीने न दिसणारा धोका पत्करणे ही माणसाची स्वाभाविक निवड आहे. त्यामुळे असे आदेश काढणाऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्या तज्ज्ञांशी मी सहमत नाही.

पाच महिने किती मोठे असतात ते मात्र आकड्यांत पाहिले पाहिजे. विंडोजमधल्या फाइल वाटपाच्या व्यवस्थेतले एक गंभीर छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीचा किडा, म्हणजे आपोआप पसरून फायली कुलूपबंद करणारा आणि पैसे मागणारा प्रोग्राम, त्याच छिद्रातून जगभर पसरला. मध्ये ५९ दिवस गेले होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टच्या (रुग्णालये आणि आरोग्य सेवा चालवणाऱ्या संस्थांच्या) कामावर परिणाम झाला आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात असा त्या आरोग्य सेवेचा अंदाज तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवला. या प्रकरणात सगळा दोष विंडोज एक्सपीसारख्या म्हाताऱ्या प्रणालीवर टाकला गेला. प्रत्यक्षात बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते, ज्यासाठी दुरुस्ती उपलब्ध होती आणि फुकट होती. ती चढवली गेली नव्हती, एवढेच.

त्याच वर्षी २७ जूनला संकट आपल्या दाराशी आले. नॉटपेट्या नावाच्या किड्याने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा खाली बसवली आणि न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्या समूहाचे कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. नाशिकची द्राक्षे आणि सोलापूरची डाळिंबे ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या बंदराच्या एका टर्मिनलचे काम हातावर आले. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे त्या कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसला सांगितले. आता यातली गुंतागुंत पाहा. हा किडा पसरायला वॉनाक्रायने वापरलेले छिद्र उपयोगी पडलेच. पण तो मुळात आत शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट देणारा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. ज्यांनी आज्ञाधारकपणे अपडेट घेतले त्यांनी स्वतःच्या हाताने रोग घरात आणला. तीन वर्षांनी सोलरविंड्स या कंपनीच्या, नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तेच घडले, तेव्हा बाधित अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचले होते.

म्हणून ‘अपडेट करा आणि निर्धास्त राहा’ हा सल्ला अपुरा आहे. अपडेट हे बाहेरच्या माणसाने आपल्या घराच्या किल्लीने आत येऊन केलेले काम असते, आणि किल्ली देताना तो कोण, काय करणार, कधी करणार हे विचारण्याचा हक्क घरमालकाला हवा. हा हक्क किती पोकळ आहे ते १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी दिसले. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, आपल्या घड्याळाप्रमाणे, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज यंत्रांवर एक लहानशी फाइल पाठवली. त्या फाइलला २१ मूल्ये अपेक्षित होती आणि यंत्रावरचा प्रोग्राम २० च पुरवत होता. एवढ्या फरकाने यंत्रे निळ्या पडद्यावर कोसळली. १० वाजून ५७ मिनिटांनी फाइल मागे घेतली गेली, म्हणजे सगळा प्रकार ७८ मिनिटांचा; पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रे तोवर पडली होती आणि त्यांतली बहुतेक एकेक करून, समोर माणूस बसवून उठवावी लागली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळी वाटते. ज्या ग्राहकांनी सावधगिरीने ‘नवी आवृत्ती आम्हाला एक-दोन पायऱ्या उशिरा द्या’ अशी व्यवस्था लावून ठेवली होती, त्यांचीही यंत्रे पडली, कारण ती व्यवस्था मुख्य प्रोग्रामपुरती होती आणि या फाइलींना लागूच नव्हती. काळजी घेणाऱ्याला काळजी घेतल्याचे फळ मिळाले नाही.

असाच एक लहान, पण शिकण्यासारखा प्रसंग १ जानेवारी २०२२ चा. नव्या वर्षाच्या पहिल्या मिनिटापासून जगभरात मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल व्यवस्थेच्या अनेक सर्व्हरांवर ईमेल रांगेत अडकू लागल्या. ईमेल तपासणाऱ्या भागाच्या रोजच्या अपडेटला वर्ष, महिना आणि दिवस जोडून क्रमांक दिला जात होता. नव्या वर्षी तो क्रमांक २,२०१,०१०,००१ झाला. ज्या जागेत तो साठवला जात होता तिथे जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ एवढाच आकडा मावतो. २०२१ संपेपर्यंत आकडा २१ ने सुरू होत होता म्हणून मावत होता. २२ आले आणि मापटे भरून सांडले. कोणतीही संस्था, कोणताही सावध माणूस हे आधी ओळखू शकला नसता. त्याच महिन्यात ११ तारखेच्या अपडेटने काही डोमेन कंट्रोलर, म्हणजे संस्थेतल्या सर्वांचे लॉगिन तपासणारे सर्व्हर, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले आणि तातडीची दुरुस्ती यायला १७ तारीख उजाडली. दुरुस्तीची दुरुस्ती येईपर्यंत सहा दिवस. ज्याने हे सहा दिवस काढले आहेत तो पुढच्या महिन्यात बुधवारी सकाळी अपडेटचे बटण दाबताना थांबणारच.

आता पैशांच्या बाजूकडे वळतो, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. विंडोज सर्व्हर २०१२ चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळत राहणे, १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. पुढची तीन वर्षे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी सुरक्षा दुरुस्त्या तयार होत राहतील अशी व्यवस्था कंपनीने केली. ज्याचा सर्व्हर त्याच्या स्वतःच्या खोलीत आहे त्याला त्या विकत घ्याव्या लागतात. तोच सर्व्हर उचलून कंपनीच्या भाड्याच्या क्लाउडमध्ये नेला तर त्याच दुरुस्त्या वेगळे पैसे न देता मिळतात. छिद्र तेच, दुरुस्ती तीच, बनवण्याचा खर्चही तोच. फरक फक्त भाडेकरू होण्याचा आहे. जुन्या आवृत्तीचा सांभाळ करण्याला खर्च येतो हे मी मान्य करतो आणि तो खर्च वाजवी दराने मागितला तर माझी तक्रार नाही. पण तो सर्वांना सारखा लागला पाहिजे. तसे होत नसेल तर दुरुस्ती हे गिऱ्हाइकाला एका दिशेने ढकलण्याचे साधन झाले, असेच म्हणावे लागेल.

याच वाटेवरचे पुढचे पाऊल जुलै २०२५ मध्ये पडले. विंडोज सर्व्हर २०२५ वर रीस्टार्ट न करता दुरुस्ती चढवण्याची सोय कंपनीने आणली. ती उत्तम आहे; वर्षातले बारा रीस्टार्ट चारवर येतात आणि काट्यावरच्या कारकुनाला याहून मोठी भेट कोणती असेल? पण स्वतःच्या जागेतल्या सर्व्हरसाठी तिला प्रोसेसरच्या दर कोअरमागे (गाभ्यामागे) महिना दीड डॉलर मोजावा लागतो, म्हणजे १६ कोअरच्या एका सर्व्हरला महिन्याला २४ डॉलर. सर्व्हरचे लायसन्स आधीच विकत घेतलेले असते. त्यातला दोष कमीत कमी त्रासात काढून देण्यासाठी पुन्हा दरमहा पैसे, ही रीत दुसऱ्या कोणत्या धंद्यात खपली असती असे मला वाटत नाही. ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये कारखान्यातून आलेला दोष निघाला, तर कंपनी गाडी बोलावून भाग बदलून देते.

एका कंपनीला वेगळे काढून बोलण्याचा माझा हेतू नाही. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर, म्हणजे एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमच्या लायसन्सची विक्री बंद करून सगळे वर्गणीवर नेले. ज्यांच्याकडे कायमचे लायसन्स होते पण आधाराचा करार संपत आला होता, त्यांच्यापुढे वर्गणी घ्या किंवा दुरुस्तीशिवाय राहा असा पर्याय उरला. टीका वाढल्यावर एप्रिल २०२४ मध्ये अतिगंभीर छिद्रांपुरत्या दुरुस्त्या मोफत देण्याचे कंपनीने जाहीर केले. एवढीही सवलत ओरड झाल्यावरच मिळावी, हे बरे नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या गोटातही विश्वासाला तडा गेलेला आहे. सेंटओएस ८ या मोफत लिनक्स प्रणालीला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असे गृहीत धरून आमच्यासारख्यांनी कितीतरी सर्व्हर त्यावर उभे केले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणली. सात वर्षांहून अधिक काळ एका घोषणेत गेला. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे तसेच मोफत पर्याय पुढे आले म्हणून निभावले. पण त्या वर्षभरात जे स्थलांतर करावे लागले त्याचा मोबदला कुणी दिला नाही.

नव्या सोयी आणि दुरुस्त्या एकाच वाटेने येऊ लागल्या की काय होते, याचे एक उदाहरण नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाले. काही ठिकाणी विंडोज सर्व्हर २०१९ आणि २०२२ रातोरात विंडोज सर्व्हर २०२५ होऊन बसले. अपडेट हाताळणाऱ्या काही त्रयस्थ साधनांनी नव्या आवृत्तीचे ते गाठोडे नेहमीची सुरक्षा दुरुस्ती समजून चढवले होते. नव्या आवृत्तीला नवे लायसन्स लागते आणि मागे फिरायला बॅकअपशिवाय वाट नसते. चूक साधनाची की नोंदीची, यावर दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. मला एवढेच दिसते की दुरुस्तीचा नळ आणि नव्या आवृत्तीचा नळ वेगळे असते, तर अशी गफलत होण्याला जागाच उरली नसती.

हे वेगळेपण तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही असे सांगितले जाते. ते खरे नाही, कारण ते आज होते आहे. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस घ्या. त्याची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते आणि दर तिमाहीला येणाऱ्या किरकोळ आवृत्तीत फक्त दोषदुरुस्त्या असतात, नवी सोय एकही नसते. त्यामुळे एका सूतगिरणीचा डेटाबेस मी दर तिमाहीला जेवणाच्या सुट्टीत अपडेट करतो आणि गेल्या कित्येक वर्षांत कुणाला ते कळलेही नाही. डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीत पुढच्या आवृत्तीतली सुरक्षा दुरुस्ती उचलून जुन्या स्थिर आवृत्तीत बसवण्याची पद्धत पिढ्यान्पिढ्या चालू आहे, आणि तिथे हे काम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवक करतात. खुद्द मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हर २००८ आर२ आणि २०१२ साठी ऑक्टोबर २०१६ पासून महिन्याला दोन गाठोडी देत असे, एकात फक्त सुरक्षा आणि दुसऱ्यात सगळे मिळून. २०१६ आणि पुढच्या आवृत्त्यांना ही निवड दिलीच नाही. या निर्णयामागे कारण होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रत्येक संस्थेने निवडून निवडून अपडेट चढवले की जगात हजारो वेगवेगळ्या जुळण्या तयार होतात आणि त्या सगळ्या तपासणे कंपनीला अशक्य होते. या युक्तिवादात तथ्य आहे. पण दोनच मार्ग ठेवले, त्यांतही प्रत्येक मार्ग एकत्रित ठेवला, तर जुळण्या हजारो होत नाहीत, दोन होतात. तेवढे तपासण्याची ऐपत या कंपन्यांना निश्चित आहे.

युरोपीय संघाने हे ओळखले. तिथला सायबर लवचिकतेचा कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला आणि त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षा दुरुस्त्या नव्या सोयींपासून वेगळ्या द्याव्यात, त्या विनाविलंब आणि विनामूल्य द्याव्यात, उत्पादन साधारणपणे किमान पाच वर्षे सांभाळावे आणि आधार कधी संपणार ते खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावे, असे तो कायदा उत्पादकाला बजावतो. खास एखाद्या व्यावसायिक ग्राहकासाठी घडवलेल्या उत्पादनाला करारातून थोडी सूट आहे. बाकी सर्वांना नियम एकच.

आपल्याकडे काय आहे? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आणि १८० दिवसांच्या नोंदी ठेवायच्या, हे संस्थेचे काम. नागरी सहकारी बँकांनी अपडेट वेळेवर चढवावेत ही रिझर्व्ह बँकेची अपेक्षा, तीही बँकेकडूनच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तो दंड माहिती बाळगणाऱ्या संस्थेला होतो, छिद्र असलेले सॉफ्टवेअर विकणाऱ्याला होत नाही. ग्राहक आयोगाकडे जावे, तर व्यापारी उपयोगासाठी केलेली खरेदी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. आणि लायसन्सच्या करारात भरपाईची मर्यादा कंपनीने आधीच आखून घेतलेली असते. थोडक्यात, तालुक्याच्या गावातल्या शंभर खाटांच्या रुग्णालयावर कायद्याने जेवढे बंधन आहे, त्याच्या एक दशांश बंधनही त्याला सर्व्हर विकणाऱ्या जागतिक कंपनीवर नाही. संस्थांवरच्या जबाबदाऱ्या कमी कराव्यात असे मी म्हणत नाही. रुग्णाची माहिती ही रुग्णाची ठेव आहे आणि ती सांभाळलीच पाहिजे. पण साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीवर सगळे वजन टाकून सर्वांत बळकट कडी मोकळी सोडणारा कायदा अर्धवट आहे.

केंद्राने युरोपासारखा कायदा करावा ही माझी पहिली मागणी आहे, पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. १ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकारी संस्थांना सरकारच्या जेम या खरेदी व्यवस्थेतून खरेदी करायला मुभा दिली. आपल्या राज्यात साखर कारखाने, जिल्हा बँका, दूध संघ आणि पतसंस्था यांची एकत्रित खरेदी केवढी मोठी आहे याचा विचार करा. आज प्रत्येक संस्था एकेकटी जाते आणि वितरक देईल तो करार सही करून परत येते. याच संस्थांनी आपल्या संघांमार्फत निविदेत चार अटी एकसारख्या घातल्या, तर त्यांचे ऐकावे लागेल: आधाराची मुदत लेखी द्या आणि ती नंतर कमी करू नका, सुरक्षा दुरुस्ती वेगळी द्या, सर्व्हर कुठे ठेवला आहे यावरून तिची किंमत बदलू नका, आणि तुमचे स्थानिक पॅकेज नव्या दुरुस्तीवर चालते की नाही हे ठरावीक दिवसांत कळवा. ही शेवटची अट आपल्याकडच्या सॉफ्टवेअर उत्पादकांसाठी आहे. पुण्या-कोल्हापुरातल्या ज्या लहान कंपन्या वजनाचे, पतसंस्थेचे, रुग्णालयाचे पॅकेज विकतात, त्यांचा ‘विंडोज अपडेट बंद ठेवा’ हा फोनवरचा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे की अनेक सर्व्हरांच्या दुरवस्थेचे ते एक मोठे कारण मानतो.

संस्थांनीही एक खर्च करायला हवा, आणि त्यासाठी मी संचालक मंडळांपुढे अनेकदा हात जोडले आहेत. तपासणीसाठी दुसरा सर्व्हर हवा. त्याशिवाय प्रत्येक अपडेट हा चालू कामावरचा प्रयोग ठरतो. वर सांगितलेल्या कारखान्यात तीन बैठकांनंतर तो मंजूर झाला. आता काट्यावर दोन सर्व्हर आहेत. मंगळवारी रात्री आलेली दुरुस्ती पुढच्या सोमवारी दुपारी, गाड्यांची गर्दी कमी असताना, आधी राखीव सर्व्हरवर चढते. दिवसभर काटा त्यावर चालवून पाहिला जातो आणि मग पहिल्याची पाळी येते. हंगामात अपडेट बंद ठेवण्याचा तो आदेश रद्द झाला आहे. काट्यावरच्या कारकुनाने स्वतःहून एक वही घातली आहे, ज्यात प्रत्येक भरवजन छापील पावतीबरोबरच पेनानेही लिहिले जाते आणि वाहनचालकाची त्यावर सही असते.

त्या दोन्ही सर्व्हरांवर विंडोज सर्व्हर २०१६ आहे. त्याचा आधार १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो. तोही महिन्याचा दुसरा मंगळवार आहे आणि तेव्हा हंगाम भरात असेल. नवी आवृत्ती घ्यायची तर खरेदी, जोडणी आणि चाचणी हे सगळे मोळी पडण्याच्या आधी, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, व्हायला हवे. मी संचालक मंडळाला तसे पत्र दिले आहे. वजनाचे पॅकेज नव्या आवृत्तीवर चालेल, हे ते विकणाऱ्या कंपनीकडून लेखी मागितले आहे. उत्तर अजून आलेले नाही.